कडेकडेनं

पांढरी काठी धरायला शिकवणं हा या कामाचा सगळ्यात सोपा भाग. काठी उभी केली की तिची मूठ छातीच्या मधल्या हाडापर्यंत यावी. चालताना हात बेंबीच्या समोर, मनगट मोकळं. उजवं पाऊल पुढे पडतं तेव्हा काठीचं टोक डावीकडे टेकतं, डावं पडतं तेव्हा उजवीकडे. म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार तिथली जमीन काठीनं आधीच चाचपलेली असते. थोड्याच दिवसांत हाताला ताल सापडतो. मग विद्यार्थी विचारतो, "मॅडम, आता एकट्यानं स्टेशनवर जाऊ?" आणि खरं शिकवणं तिथून सुरू होतं.

या मॅडम मुंबईत दृष्टिहीनांना चालायला शिकवतात. कागदोपत्री विषयाचं नाव 'ओरिएंटेशन अँड मोबिलिटी', विद्यार्थ्यांच्या तोंडी नुसतं 'मोबिलिटी'. त्यांच्याकडे येणारे सगळेच जन्मांध नसतात. कुणाची नजर काचबिंदूनं गेलेली असते, कुणाची मधुमेहानं, कुणाची ऐन विशीत हळूहळू विझत गेलेली. रस्ता त्यांनी एकेकाळी पाहिलेला असतो, त्यामुळे तो आपल्याला पाठ आहे असं त्यांना वाटत असतं. पहिल्या काही पाठांतच तो समज गळून पडतो. पाठ होता तो डोळ्यांना. तळपायांना, कानांना, गालावरच्या कातडीला त्यातलं फारसं काही ठाऊक नसतं. त्याच माणसाची त्याच रस्त्याशी नव्यानं ओळख करून देणं, हे मॅडमचं बरंचसं काम.

ही लांब काठी तशी अलीकडची. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या अमेरिकन सैनिकांवर पेन्सिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्ज लष्करी रुग्णालयात उपचार होत. तिथे रिचर्ड हूव्हर यांनी १९४४ च्या सुमारास चालण्याची ही पद्धत बसवली. त्याआधीची काठी आखूड होती, म्हाताऱ्या माणसानं आधाराला घ्यावी तशी. हूव्हर यांनी ती लांब आणि हलकी केली. तिच्यावर भार टाकायचा नव्हता, तिच्याकडून बातमी घ्यायची होती. डांबर, सिमेंट, माती, लादी, गटाराच्या झाकणाचं लोखंड, प्रत्येकाचा आवाज वेगळा आणि मुठीत येणारी थरथरही वेगळी. सरावलेला माणूस रस्त्याचा पोत काठीच्या टोकाशी अनुभवतो, तळहातात नव्हे. डोळस माणसाला हे पटत नाही. पण पेननं खरखरीत कागदावर लिहिताना ती खरखर आपल्यालाही निबेच्या टोकाशीच जाणवते.

याचा पुरावा प्रयोगशाळेतही मिळाला. जपानमध्ये अत्सुशी इरिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये माकडांना छोट्या दाताळ्यानं खाऊ ओढून घ्यायला शिकवलं. हाताजवळच्या वस्तूंना प्रतिसाद देणाऱ्या मेंदूतल्या काही पेशी, दाताळं वापरून झाल्यावर, दाताळ्याच्या टोकापर्यंतच्या जागेलाही प्रतिसाद देऊ लागल्या. दाताळं नुसतं हातात धरलं तर असं होत नव्हतं. ते कामाला लावावं लागत होतं. पुढे २००७ मध्ये आंद्रेआ सेरिनो आणि सहकाऱ्यांनी रोज काठी वापरणाऱ्या अंध व्यक्तींवर प्रयोग केला. त्यांच्या हाती लांब काठी देताच काठीच्या टोकाशी होणारा आवाज त्यांचं शरीर अगदी जवळच्या आवाजासारखा हाताळू लागलं. डोळस माणसांत तोच बदल घडायला आधी थोडा सराव लागला, आणि दुसऱ्या दिवशी तो ओसरलाही. मॅडमच्या विद्यार्थ्यांना हे प्रयोग ऐकून नवल वाटत नाही. लोकलच्या गर्दीत कुणी काठी खसकन ओढून बाजूला ठेवली की ते दचकतात, रागावतात. मदत करणाऱ्याला कळत नाही की आपलं काय चुकलं.

मोबिलिटी शिकवणाऱ्यालाही प्रशिक्षणात डोळ्यांवर पट्टी बांधून रस्त्यावर चालावं लागतं. प्रशिक्षक मागे असतो, पण बोलत नाही. मॅडमना तेव्हा पहिला धक्का दिला तो सरळ रेषेनं. आपण सरळ चालतोय याची पक्की खात्री असताना माणूस तिरका जात असतो. यान साउमन आणि जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे मोजून दाखवलं. त्यांनी काही लोकांना जर्मनीतल्या बीनवाल्डच्या जंगलात आणि ट्युनिशियातल्या सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ते सरळ गेले. तो झाकला गेला की वळत वळत आपलीच वाट ओलांडू लागले. डोळ्यांवर पट्टी असताना तर काहींनी २० मीटरपेक्षाही कमी व्यासाच्या फेऱ्या मारल्या. एक पाय लांब, एक आखूड, म्हणून माणूस गोल फिरतो ही जुनी समजूतही त्यात टिकली नाही, कारण तोच माणूस कधी डावीकडे वळत होता, कधी उजवीकडे. कोकणात आणि घाटावर रात्री रानात फिरून फिरून त्याच जागी आलेल्याला चकवा लागला म्हणतात. त्यातलं भूत सोडलं तर निरीक्षण बरोबर आहे.

सरळ रेषा शरीरात नसते. ती बाहेरून घ्यावी लागते, आणि पांढरी काठी ती घेते कडेवरून. फुटपाथची कड, कंपाउंडची भिंत, दुकानांच्या पायऱ्यांची रांग, गवत आणि डांबर जिथे भेटतात ती रेघ, काहीही चालतं. कड सापडली की माणसाचे खांदे सैल होतात आणि वेग वाढतो. ती सुटली की तोच माणूस खुळ्यासारखा थबकतो. मॅडम हे रोज पाहतात. म्हणूनच एखादा विद्यार्थी 'हुशार' किंवा 'बावळट' आहे असं कुणी म्हटलं की त्या विचारतात, "कुठल्या रस्त्यावर?"

याचा उत्तम धडा दादरच्या शिवाजी पार्कात देता येतो. मैदानाभोवती बसका कट्टा आहे, एक किलोमीटरहून जास्त लांबीचा. संध्याकाळी लोक त्यावर गप्पा मारत बसलेले असतात. मॅडमच्या दृष्टीनं ती शहरातली एक अव्वल कड आहे. नवखा विद्यार्थी कट्ट्याच्या कडेनं निघतो आणि कुठे वळण आलं, कुठे आत शिरायची वाट आहे, हे थोड्या सरावानं स्वतःच सांगू लागतो. मग मॅडम त्याला मैदानाच्या मधोमध नेऊन सोडतात. तिथे ना खड्डा, ना खांब, ना रिक्षा. शहरातली सगळ्यात सुरक्षित वाटावी अशी जागा. आणि तिथेच तो हरवतो. काठी सगळीकडून एकच बातमी आणते: माती, माती, माती.

मग मॅडम विचारतात, "वारा कुठून येतोय?" दुपार कलली की समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून येतो, आणि समुद्र तिथून काही पावलांवर आहे. उन्हं उतरलेली असतील तर उजेडाची ऊब कुठल्या गालावर आहे? क्रिकेटच्या नेटमधला बॅटचा ठोका कुठून येतो? बसचा घरघराट कुठल्या बाजूला? हळूहळू मोकळ्या जागेला पुन्हा बाजू फुटतात. रेघ मिळत नाही, पण दिशा मिळते, आणि दिशा धरून चाललं की कधीतरी काठी कट्ट्यावर आपटते. तो ठोका ऐकून विद्यार्थी हमखास हसतात.

कडेला एवढं महत्त्व का, याचं एक उत्तर उंदरांच्या मेंदूत सापडलं आहे. जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदीर एका ठरावीक जागी आला की पेटणाऱ्या पेशींचं वर्णन केलं. नॉर्वेतल्या मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी २००५ मध्ये जागेवर जाळं टाकल्यासारख्या पेटणाऱ्या पेशी दाखवल्या. या कामासाठी तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. त्यांच्याइतक्या गाजल्या नाहीत, पण मॅडमच्या कामाच्या आहेत त्या मोझर यांच्याच प्रयोगशाळेतून २००८ मध्ये पुढे आलेल्या 'सीमेच्या' पेशी. उंदीर भिंतीजवळ किंवा कडेजवळ आला की त्या पेटतात, आणि मोकळ्या जागेत मध्येच नवी भिंत उभी केली तर तिच्याहीजवळ पेटतात. उंदरावरून माणसाबद्दल एका उडीत निष्कर्ष काढू नये हे खरं. तरी कड ही प्राण्याच्या जागेच्या जाणिवेत खोलवर रुतलेली गोष्ट आहे, एवढं त्यातून दिसतं.

काठी पोचत नाही तिथे कान पोचतो. भिंतीच्या बाजूनं चालताना अनेक विद्यार्थी म्हणतात, "मॅडम, तोंडावर काहीतरी येतंय." पूर्वी अंधांच्या चेहऱ्याच्या कातडीतच काही खास शक्ती असते असं मानलं जाई. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात कार्ल डॅलनबाख यांच्या प्रयोगशाळेत मायकेल सुपा आणि मिल्टन कॉट्झिन यांनी १९४४ मध्ये याचा छडा लावला. सुपा स्वतः अंध होते. चेहरा जाड कापडानं झाकला तरी माणसं समोरचा अडथळा ओळखत होती. कान बंद केले की थेट त्यावर आदळत होती. बूट घालून टणक जमिनीवर चालताना अडथळा लांबूनच कळे, मोजे घालून गालिच्यावर चालताना फार जवळ गेल्यावर. म्हणजे पावलांचा आवाज भिंतीवरून परतत होता, आणि माणूस तो चेहऱ्यावर 'अनुभवत' होता.

मुंबईच्या रस्त्यावर हे सतत चालू असतं. दुकानांची रांग संपून बोळ आला की एका कानाकडची हवा उघडते. उभ्या बसच्या मागे गेलं की रस्त्याचा गोंगाट क्षणभर बुजतो. उड्डाणपुलाखाली शिरताना डोक्यावर छत आल्याचं कळतं, आणि तिथेच फसगतही होते, कारण हॉर्न पुलाच्या पोटावर आपटून दोन्हीकडून येतात. याउलट नव्या चकचकीत मॉलमध्ये विद्यार्थी बिचकतात. गुळगुळीत फरशी, सगळीकडे सारखी थंड हवा, छतातून झिरपणारं संगीत. जिन्याला, दुकानाला, दाराला स्वतःचा आवाज उरत नाही. बांधणाऱ्यानं सुखसोय म्हणून जे केलं त्यानं नेमकी बातमी पुसली जाते. विजेवरच्या बसगाड्यांचंही तसंच. संथ वेगानं येताना त्या कळतच नाहीत. युरोपीय संघात जुलै २०२१ पासून नव्या विजेच्या गाड्यांना कमी वेगात आवाज करणारं उपकरण बंधनकारक झालं, ते याच कारणानं.

मॅडमच्या वर्गात खुणा दोन प्रकारच्या असतात, पक्क्या आणि कच्च्या. पुलाची पहिली पायरी, पिंपळाचा पार, गटाराची लोखंडी जाळी या पक्क्या. वडे तळणाऱ्या कढईचा वास, रसवंतीच्या चरकाची घुंगरं, कोपऱ्यावर उभी असलेली रिक्षा या कच्च्या. त्यांच्यावर भरवसा ठेवायचा पण भिस्त नाही. वाट ठरवताना दर टप्प्यावर किमान एक पक्की खूण हवी, हा नियम. पावलं मोजायला मॅडम मनाई करतात. दमलेल्या, घाईतल्या किंवा पिशवी घेतलेल्या माणसाचं पाऊल आखूड-लांब होतं आणि गणित कोसळतं.

पण मुंबईत पक्कं काय आणि कच्चं काय? पश्चिम रेल्वेवरून रोज जाणाऱ्या जुन्या मंडळींना विलेपार्ले आल्याचं नाक सांगायचं. भाजत्या बिस्किटांचा तो वास पिढ्यान्‌पिढ्या जागेवरून हलला नव्हता. १९२९ मध्ये सुरू झालेला पार्लेचा तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला आणि पक्की समजलेली खूण हवेत विरली. माहीम आणि वांद्र्याच्या मधली खाडी मात्र अजून आहे. पुलावर गाडीचा खडखडाट पोकळ होतो आणि खाडीचा वास डब्यात शिरतो. उद्घोषणा गर्दीत हरवली तरी तो टिकतो. फलाटावर अपंगांचा डबा जिथे थांबतो तिथे सतत बीप बीप वाजणारं यंत्र असतं. इतर प्रवाशांना ते कशाचं आहे हे बहुधा माहीत नसतं. मॅडमच्या विद्यार्थ्यांना तो आवाज फलाटाच्या गदारोळात लांबूनही निवडून काढता येतो.

पाऊस ही वेगळीच शाळा. जॉन हल हे ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठातले धर्मशिक्षणाचे प्राध्यापक. मध्यम वयात त्यांची दृष्टी पूर्ण गेली. त्या अनुभवावरचं त्यांचं 'टचिंग द रॉक' हे पुस्तक १९९० मध्ये आलं. पाऊस पडू लागला की पानं, छप्पर, कुंपण, वाट यांच्यावरच्या वेगवेगळ्या आवाजांतून सारी बाग एकदम आकाराला येते, हा त्यातला अनुभव पुष्कळांच्या लक्षात राहिला. मॅडमच्या विद्यार्थ्यांना तो अर्धाच पटतो. पहिल्या सरींना पत्र्याची शेड, ताडपत्री, रिक्षाचं टप, झाडाखालची कोरडी जागा खरोखरच उमटतात. पण मुंबईचा पाऊस बागेत पडून थांबत नाही. तो धो धो लागला की सगळे आवाज एकाच आवाजात बुडतात, छत्रीवरचा ताशा कान व्यापतो, आणि तुंबलेल्या पाण्यात काठीला कड सापडत नाही. गटाराचं झाकण उघडं आहे की बंद हे तर मुळीच कळत नाही. अशा दिवशी रस्त्यावरचा पाठ बंद ठेवायचा हा मॅडमचा दंडक आहे.

खुणांचा आणि कडांचा हा आधार घरातही लागतो. बोरिवलीच्या एका काकूंची दृष्टी मधुमेहानं गेली. मुलांनी काळजीपोटी त्यांना गॅसपासून दूर केलं होतं. मॅडमनी पहिला पाठ स्वयंपाकघरातच घेतला. मिसळणाचा डबा डावीकडून कितवा, असं विचारलं तर काकूंना सांगता येईना. मग मॅडम म्हणाल्या, "काकू, फोडणी टाका." काकूंचा हात सरळ डब्यावर गेला. तेल तापलं का, हे मोहरीच्या एका दाण्यानं सांगितलं. ओट्याच्या कडेला पोट टेकवून त्या उभ्या होत्या. गॅस, पाणी, ताटाळं सगळं त्या कडेपासून हातभर, दीडहात असं शरीराला ठाऊक होतं. जे तोंडाला सांगता येत नव्हतं ते खांद्याला आणि मनगटाला येत होतं.

काही महिन्यांनी घरच्यांनी हौसेनं स्वयंपाकघर नवं केलं. ट्रॉल्या, सरकते खण, मागे दडवलेला गॅस. काकू स्वतःच्या घरात पाहुण्यासारख्या उभ्या राहू लागल्या. साखर म्हणून मीठ, मीठ म्हणून आणखी काही. "आईचं विसरणं फार वाढलंय," असं मुलांचं निदान झालं आणि डॉक्टरांकडे न्यायची तयारीही सुरू झाली. मॅडमनी त्यांना समोर बसवून समजावलं की काकूंची स्मरणशक्ती बिघडलेली नाही. तिचा मोठा हिस्सा जुन्या ओट्यात होता आणि तो राडारोड्याबरोबर खाली गेला. मग ट्रॉल्यांच्या कडांवर फुगीर टिकल्या चिकटवल्या गेल्या, मिसळणाचा डबा पुन्हा उघड्यावर आला, आणि घरातल्या सगळ्यांनी वस्तू जागच्या जागी ठेवायची सक्ती स्वतःवर करून घेतली. ती सक्ती पाळणं घरच्यांना काकूंपेक्षा जड गेलं.

गावाकडची जमीन तरी स्थिर असेल, असं शहरातल्या माणसाला वाटतं. कऱ्हाडकडचा एक तरुण विद्यार्थी मुंबईत काठी शिकून दिवाळीला घरी गेला. वस्तीपासून रस्त्यापर्यंतची पाणंद त्यानं सुट्टीत एकट्यानं पक्की केली. दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच ऊस उभा होता. वाऱ्यानं पाती सळसळली की दोन्हीकडे भिंत असल्यासारखी वाट कळायची. पावलांचा आवाज आतच राहायचा. पुढे ओढ्याचा गारवा लागला की वळायचं. शिमग्याला तो परत गेला तेव्हा ऊसतोड होऊन फड मोकळे झाले होते. पाचटही जाळलेलं. वाट तीच, बांध तेच, पण दोन्हीकडच्या भिंती गायब. ज्या पाणंदीनं तो लहानपणापासून गेला होता तिथे तो आडवा रानात शिरला. घरच्यांना याचा उलगडाच होईना. त्यांच्या लेखी पाणंद बदललीच नव्हती.

मॅडमनी त्याला नंतर विचारलं की आता काय करशील. तो म्हणाला, ऊस असताना कानानं आणि ऊस नसताना बांधाच्या गवतानं, अशी एकाच वाटेची दोन पाठांतरं ठेवीन. मॅडमनी तेव्हापासून गावाकडे परतणाऱ्या प्रत्येकाला पिकांचं वेळापत्रक विचारायला सुरुवात केली आहे.

शहरात फड मोकळे करणारे वेगळे. गेली काही वर्षं मुंबईत मेट्रोसाठी, मलवाहिन्यांसाठी, काँक्रीटीकरणासाठी रस्ते खणले जात आहेत. पत्र्यांचे अडसर लागतात, मग निघतात, मग चार हात पुढे सरकतात. डोळस माणूस कुरकुरत वळसा घालतो. काठीवाल्याला मात्र अख्खी वाट नव्यानं बांधावी लागते, तीही अडसर पुन्हा हलेपर्यंतच्या मुदतीसाठी. त्यात काठी कमरेखालचंच पाहते. लोंबती केबल, दुकानाचा तिरका फलक, ट्रकचा मागे डोकावणारा गज हे तिला कळत नाहीत. दिल्लीच्या आयआयटीनं २०१४ मध्ये बाजारात आणलेली 'स्मार्टकेन' ध्वनिलहरींनी असे वरचे अडथळे ओळखून मुठीत थरथर देते. मॅडमच्या काही विद्यार्थ्यांना ती फार उपयोगी पडते, काहींना भर गर्दीत सततच्या थरथरीचा वैताग येतो.

फुटपाथवरच्या उठावाच्या पिवळ्या लाद्या आता पुष्कळ ठिकाणी दिसतात. त्या शोधल्या जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये. १९६७ मध्ये ओकायामा शहरातल्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसल्या. लांबट पट्ट्या म्हणजे चला, ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. साधी गोष्ट. पण आपल्याकडे ती रेघ कधी झाडाच्या बुंध्यात जाते, कधी विजेच्या पेटीत, कधी ठिपक्यांच्या जागी पट्ट्याच बसवलेल्या. न बसवलेल्या लादीपेक्षा चुकीची लादी घातक, कारण विद्यार्थ्याला त्या रेघेवर विश्वास ठेवायला शिकवलेलं असतं.

सध्या मॅडम एका उपनगरी स्टेशनबाहेरच्या चौकाच्या आराखड्यात अडकल्या आहेत. सल्लागार म्हणून त्यांना बोलावलं गेलं. चित्रातला चौक देखणा आहे: मोकळा, प्रशस्त, फुटपाथ आणि रस्ता एकाच पातळीवर, कुठे ठेचकाळायला नको. चाकाच्या खुर्चीला हे वरदानच. काठीला मात्र त्यात पाय कुठे संपतो आणि गाडी कुठे सुरू होते हे कळत नाही. शिवाजी पार्कचं मधलं मैदान, फक्त गाड्यांसकट. हा वाद आपल्यापुरता नाही. ब्रिटनमध्ये अशा सपाट, सामाईक रस्त्यांविरुद्ध अंधांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारनं स्थानिक संस्थांना तसे नवे आराखडे थांबवायला सांगितलं. मॅडमनी तोडगा सुचवला: कड ठेवा, जिथे रस्ता ओलांडायचा तिथेच ती उताराची करा आणि उताराच्या तोंडाशी ठिपक्यांच्या लाद्या बसवा. हे बहुतेक मान्य झालं आहे.

अडलंय ते फेरीवाल्यांवर. स्टेशनपासून रिक्षास्टँडपर्यंत भाजी, फुलं, मोबाइलची कव्हरं, चादरी अशी रांग आहे. तिच्याबद्दल स्टेशनात उतरणारा जवळपास प्रत्येक जण कुरकुरतो, आणि अडवलेल्या फुटपाथबद्दलची ती कुरकुर चुकीची नाही. पण मॅडमच्या विद्यार्थ्यांना तीच रांग धरून जाता येतं. टेबलांचे पाय काठीला लागतात, मोगऱ्याचा वास अर्धी वाट झाल्याचं सांगतो, आणि ओळखीची भाजीवाली लांबूनच ओरडते, "दादा, उजवीकडे घ्या, टोपल्या आहेत." आराखड्यात या रांगेच्या जागी 'स्थलांतर' एवढाच शब्द आहे. रांग राहावी असं मॅडम म्हणत नाहीत. ती जाताना तिच्या जागी काठीला लागेल असं काही उभं राहणार आहे का, एवढंच त्या विचारतात. झाडांच्या कुंड्या ठेवू, असं एकानं सुचवलं. कुंड्यांमध्ये किती अंतर, यावर बरीच चर्चा झाली.

पुढची बैठक कार्यालयात न घेता त्या चौकातच घ्यावी, संध्याकाळी साडेसहाला, गाड्या भरून उतरत असताना, असं पत्र मॅडमनी दिलं आहे. सोबत त्या तीन जणांना आणणार आहेत: कऱ्हाडचा तो मुलगा, बोरिवलीच्या काकू, आणि चाकाची खुर्ची वापरणारे एक गृहस्थ, ज्यांना मॅडमची कड अजिबात मान्य नाही. आराखडा करणाऱ्या अभियंत्यांकडून साडेसहाऐवजी दुपारी तीनची वेळ सुचवून आली आहे. त्या वेळी गर्दी कमी असते, असं कारण आहे. मॅडमनी साडेसहाचाच आग्रह धरला आहे.